डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या पात्रं घेऊन खेळायच्या खेळात सापळे आणि इतर धोके पार केल्याबद्दल एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) द्यावेत का? किती?

द्यावेत. आणि शत्रू मारल्यावर देता तितक्याच सढळ हाताने द्यावेत.

पुण्यात हॉस्टेलवर होतो तेव्हाची गोष्ट. 2014 ची पाचवी आवृत्ती, आम्ही चौघं, सगळे पहिल्या लेव्हलचे. एका पडक्या खाणीतून चाललो होतो. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, जाता जाता सांगितलं की पुढची माती जरा जास्तच सपाट दिसते. माझं पात्र 'रोग' (rogue) क्लासचं, म्हणजे चोरटं, सापळे हुडकणारं. मी काठीने टोचून पाहिलं, तर फडक्यावर माती पसरून झाकलेला 20 फुटी खड्डा. खाणीच्या जुन्या मालकांनी केलेला. गॉब्लिन, म्हणजे छोटे दुष्ट राक्षस, तिथे नुकतेच राहायला आले होते, त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

आमची विझार्ड (जादूगार) पहिल्यांदाच खेळत होती. ती म्हणाली, "आपण कडेकडेने पलीकडे जाऊ आणि त्यांना हाका मारू." फडकं होतं तसं ठेवलं, पलीकडे गेलो, तिने मशाल हलवून शिव्या घातल्या. सहा गॉब्लिन धावत आले, तीन खाली. 20 फूट पडलं की इजा 2डी6, म्हणजे सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज, सरासरी 7, आणि गॉब्लिनचे हिट पॉइंट्सही (किती इजा सोसेल तो आकडा) 7. दोन जागीच मेले, एक कण्हत पडला, वरच्या तिघांनी शस्त्रं टाकली. शेजारच्या खोलीतली मुलं बघायला आली इतका आरडाओरडा केला आम्ही.

डीएम, माझा जवळचा मित्र, म्हणाला, "ते पडून मेले. तुम्ही कुठे मारले? एक्सपी नाहीत."

त्यानंतर आमच्यातल्या कोणीही जमीन तपासली नाही. शत्रू दिसला की तलवार काढायची, कारण एक्सपी तिथेच मिळत होते. तिसऱ्या आठवड्यात अशाच एका मारामारीत विझार्ड मेली. ती मैत्रीण पुन्हा खेळायला आली नाही.

तुम्ही ज्याचे एक्सपी देता तेच खेळाडू करतात. डी अँड डीच्या 1981 च्या बेसिक संचात गॉब्लिन मारला तर 5 एक्सपी आणि सुखरूप बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्याला 1. म्हणून लोक लढाई टाळायचे, दहा फुटी काठी घेऊन फिरायचे. तिसऱ्या आवृत्तीत तर सापळ्यांनाही राक्षसांसारखं चॅलेंज रेटिंग, म्हणजे ज्यावरून एक्सपी ठरतात तो कठीणपणाचा आकडा, होतं. पाचवीने हे डीएमवर सोडलं, पण लढाईखेरीजच्या अडचणींना एक्सपी द्यायचे झाल्यास लढाईचाच तक्ता वापरा असं डीएमच्या पुस्तकात लिहिलंय.

मी स्वतः डीएम झालो तेव्हापासून पहिल्या लेव्हलला माणशी असे देतो: किरकोळ सापळ्याला 25, धोकादायकला 50, जीवघेण्याला 75. हिरवा स्लाइम (अंग खाणारा चिकट थर), कुजका पूल, बर्फाचं वादळ, सगळ्याला हेच माप. अट एकच, धोक्याची खूण आधी दाखवायची. खूण न दाखवता पायाखालची फरशी सरकवणारा डीएम खेळाडूंना फक्त घाबरून चालायला शिकवतो. आणि खड्ड्यात पडून वाचलात त्याचे एक्सपी मी देत नाही. ओळखून पार केलात, त्याचे देतो.

हां, माइलस्टोनने, म्हणजे एक्सपी न मोजता कथेतला टप्पा गाठल्यावर, लेव्हल वाढवत असाल तर हा हिशोब लागूच होत नाही. आणि तोच सापळा दुसऱ्यांदा ओलांडला तर शून्य, नाहीतर मंडळी दिवसभर इकडून तिकडे उड्या मारत बसतील.

तो मित्र अजूनही म्हणतो की पुस्तकात "मारल्यावर" आहे. नाही. शत्रू हरला की पुरे, तो पळून गेला किंवा शरण आला तरी चालतं. सहा गॉब्लिन, प्रत्येकी 50, एकूण 300, चौघांत माणशी 75. दुसऱ्या लेव्हलला 300 लागतात. पाव वाट त्या मुलीने एका कल्पनेवर कापली होती, आणि ते 75 तिच्या कागदावर लिहायला हवे होते.