रात्रपाळीची आजी

"मॅडम, आम्ही परत जायचं की नाही, तेवढं सांगा. बाकी आमचं काही म्हणणं नाही."

समुपदेशनाचा व्हिडिओ कॉल सुरू होऊन मिनिटभरही झालं नव्हतं. पडद्यावर साठी ओलांडलेलं जोडपं एकमेकांना खेटून बसलेलं, दोघांच्या छातीवर चर्चची नावाची पट्टी. बोलत होत्या त्या बाई. त्यांचे यजमान समोर बघत होते, माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या भिंतीकडे. खोटी नावं देत बसण्यापेक्षा मी त्यांना आजी आणि आजोबाच म्हणते. ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदलले आहेत.

चर्चचं मिशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तरुण मुलं येतात. पण निवृत्त जोडपीही जातात. हे दोघं ज्या लॅटर-डे सेंट्स चर्चचे, तिथे ज्येष्ठ जोडपी सहा महिन्यांपासून जवळजवळ दोन वर्षांपर्यंत, बहुतांश स्वतःच्या खर्चाने, घरापासून दूर सेवेला जातात. कुणी मिशनचं ऑफिस सांभाळतं, कुणी मदतकार्यात असतं. या दोघांनी 18 महिन्यांचा शब्द दिला होता. निघून महिना होतो न होतो तोच लेकीचा फोन आला, दिवस गेलेत म्हणून. पुढे सोनोग्राफीत दोन ठोके दिसले. आणि गरोदरपणाचा आठवा महिना संपता संपता, 34 व्या आठवड्यात, एक नात आणि एक नातू जन्माला आले. दोघंही काचेच्या पेटीत, लेक दुसऱ्या देशात, हे तिसऱ्याच.

जुळी लवकर येतात, यात नवल काही नाही. निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवड्यांच्या आतच जन्मतात. डॉक्टरांनी लेकीला हे आधीच सांगितलं होतं. लेकीने ते आईवडिलांना सांगितलं नव्हतं. हे मला पुढे कळलं, आणि खरी गोष्ट तिथेच होती.

पहिल्या बैठकीत मात्र बायबलची दोन वचनं समोरासमोर उभी होती. आजोबांचं मत्तयातलं: जो माझ्यापेक्षा मुलावर किंवा मुलीवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही. आजींचं तीमथ्याच्या पत्रातलं: जो स्वकीयांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट. दोघांनाही आपापलं वचन तोंडपाठ, आणि दोघंही ते एकमेकांना न ऐकवता मला ऐकवत होते. असल्या सामन्यात मी पंच होत नाही. तो माझा अधिकार नाही आणि माझा अभ्यासही नाही.

मी विचारलं, "लेकीला काय हवंय?"

दोघंही गप्प. मग आजी म्हणाल्या, "ती म्हणते, तुम्ही काळजी करू नका, तुमचं काम करा."

हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की आता ते ऐकलं की कान टवकारतात. सैन्यातल्या माणसाच्या घरी हेच, जहाजावर गेलेल्याच्या घरी हेच. मिशनच्या बाबतीत ते आणखी जड होतं, कारण पलीकडे साक्षात देवाचं काम असतं. त्यात अडथळा कोण आणणार? म्हणून लेक दुखणं लपवते, आईवडील हुरहुर लपवतात, आणि सगळे एकमेकांना सांभाळत सांभाळत एकेकटे पडतात.

आता माझी चूक सांगते. मी त्यांना पहिला सल्ला दिला तो असा: रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करा, बाळं बघा, नियम ठेवा. कागदावर छान दिसणारा सल्ला. त्यांच्या मिशनमध्ये घरी बोलायला आडकाठी नव्हती. (आता तर तरुण मिशनऱ्यांनाही नाही. 2019 च्या फेब्रुवारीपासून त्यांना दर आठवड्याला घरी फोन करता येतो. त्याआधी नाताळ आणि मातृदिन, वर्षाचे दोनच फोन.) दहा दिवसांनी आजींचा निरोप आला, "लेक कॉलवर रडली आणि फोन ठेवून दिला."

मी साधा हिशेब केला नव्हता. नवजात बाळाला 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजावं लागतं. दोघांचे झाले 16 ते 24. बाळं पेटीत असताना दर दोन-तीन तासांनी दूध काढून ठेवायचं ते वेगळं. टाके दुखतायत, नवरा कामावरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून कामावर पळतोय. अशा बाईला मी रोज ठरलेल्या वेळी फोन धरून पेटीपाशी उभं केलं होतं. आजी-आजोबांचं समाधान मी बाळंतिणीच्या अंगावर टाकलं होतं. आजही हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतं.

पुढच्या बैठकीला, तिच्या संमतीने, लेक आली. केस विस्कटलेले, कॅमेरा अर्धा छताकडे. बाळं तीन आठवड्यांची होऊन नुकतीच घरी आली होती. मी तिला तोच प्रश्न विचारला. तिने आधी नेहमीचं उत्तर दिलं. मी थांबून राहिले. मग ती आईकडे बघून म्हणाली, "मला बाळं दाखवायची नाहीयेत गं आई. मला रात्री कुणीतरी जागं हवंय."

बस, एवढंच. आणि एवढं ती आजवर बोलली नव्हती.

घड्याळ लावून बघितलं. तिच्याकडे रात्रीचे दोन म्हणजे इकडे सकाळचे अकरा. अकराला आजी मिशन ऑफिसात टपाल लावत असत. आजोबांनी, ज्यांचं वचन इतकं कडक होतं त्यांनी, तिथल्या तिथे सांगितलं, "टपाल मी बघतो." ठरलं असं: लेकीने मेसेजमध्ये नुसतं एक टिंब पाठवायचं. टिंब आलं तर आईने कॉल करायचा, नाही आलं तर करायचा नाही. बाळं दाखवायची सक्ती नाही, बोलायचीही नाही. फोन दिव्याला टेकवून ठेवायचा आणि पाजत बसायचं. पलीकडे आईने विणकाम करावं, नाहीतर हळू आवाजात स्तोत्र म्हणावं.

या कॉलवर आजींना दिसायचं काय, तर छत, दिव्याचा गोल आणि कधीतरी लेकीचा खांदा. पहिले दोन दिवस त्या खट्टू झाल्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मॅडम, काल ती पाजता पाजता झोपायला लागली. मी हाक मारली. बाळ नीट धरलं तिने." आवाजात कामावर रुजू झाल्याचा सूर होता.

त्यांची दुसरी भीती याच सुमारास बाहेर आली: "नातवंडं मला ओळखणारच नाहीत." बहुतेक दूरच्या आज्यांची ही भीती असते आणि बहुतेक लोक त्यावर "छे, रक्ताचं नातं आहे, ओळखतील की" म्हणतात. मी तसं म्हणत नाही, कारण ते खोटं आहे. मी सांगितलं, नाही ओळखणार. नवजात बाळाला वीतभर अंतरावरचं, म्हणजे 20 ते 30 सेंटिमीटरवरचंच जेमतेम स्पष्ट दिसतं. फोनच्या पडद्यावरचा चेहरा त्याच्या लेखी नुसता उजेड. आवाजाचं तसं नाही, तो ती पोटात असल्यापासून ऐकतात, म्हणून स्तोत्र वाया जात नाही. पण तुमचं मिशन संपेल तेव्हा ती 11 महिन्यांची असतील, आणि ते वयच अनोळखी माणूस बघून भोकाड पसरायचं. तुम्ही दारात उभ्या राहाल आणि दोघंही एका सुरात रडतील. तेव्हा धावत जाऊन उचलू नका. जमिनीवर बसा, लेकीशी बोला, हातात काहीतरी खुळखुळणारं ठेवा. तीच येतील, कदाचित तासाभरात, कदाचित आठवड्याने. पहिल्या दिवसांत मांडीवर नव्हती म्हणून नातं हुकलं, असं बाळांच्या जगात काही नसतं. ती हळहळ मोठ्यांची असते. ती खरी आहे, त्यासाठी रडावंसं वाटलं तर रडा, पण बाळांच्या खाती लिहू नका.

त्या रडल्या. आजोबा उठून पाणी घेऊन आले.

रात्रीच्या या कॉलचा एक फायदा मी मुळीच धरला नव्हता. बाळं साडेचार आठवड्यांची असताना आजींनी मला सांगितलं की दोन्ही बाळं झोपली तरी लेक झोपत नाही, छताकडे बघत बसते, आणि काल म्हणाली, यांना माझ्यापेक्षा दुसरी कुणी आई मिळायला हवी होती. मी सगळं बाजूला ठेवून म्हटलं, याच आठवड्यात डॉक्टर. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येतं, मन हळवं होतं, ते साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे रेंगाळलं तर तो नैराश्याचा आजार असू शकतो, आणि जुळ्यांच्या आयांमध्ये तो जास्त आढळतो. तो ओळखायला 1987 पासून दहा प्रश्नांची एक सोपी एडिंबरो प्रश्नावली वापरतात. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तो विचारायला घरचे कचरतात. विचारल्याने असले विचार डोक्यात भरत नाहीत, उलट असतील तर बाहेर येतात.

आजोबा म्हणाले, "आम्ही प्रार्थना वाढवतो."

मी म्हटलं, "जरूर वाढवा. पण बाळं पेटीत होती तेव्हा प्रार्थना करताना ऑक्सिजनची नळी काढा असं सांगितलं होतंत का?"

जरा जास्तच धारदार गेलं ते. पण त्यांनी त्याच दिवशी जावयाला फोन लावला. लेकीला औषध आणि समुपदेशन दोन्ही सुरू झालं. तिच्या समुपदेशक वेगळ्या, ते तसंच असायला हवं.

राहिला मूळ प्रश्न, जायचं की नाही. आजींना जन्माच्या बातमीबरोबरच विमान गाठायचं होतं. कुणालाही हेच वाटेल. पण बाळं पेटीत असताना आत बऱ्याचदा आईबापांनाच सोडतात. आजी-आजोबा बाहेरच्या बाकावर बसतात, आणि हातात असलेल्या मोजक्या सुट्टीचे दिवस त्या बाकावरच संपतात. मी जावयाला विचारलं, तुमची रजा कधी संपते? सातव्या आठवड्यात. म्हणजे जायची वेळ ती. मिशन अध्यक्षांकडे त्यांनी दहा दिवस मागितले, स्वखर्चाने, आणि मिळाले. निघण्याआधी किमान दोन आठवडे दोघांनी डांग्या खोकल्याच्या लसीचा बूस्टर घेतला. इतक्या लहान बाळांचं स्वतःचं लसीकरण जेमतेम सुरू झालेलं असतं, तेव्हा भेटायला येणाऱ्या मोठ्यांनी तो घेतलेला बरा.

सगळ्यांना हेच उत्तर लागू पडतं असं मुळीच नाही. एका जोडप्याला मी मिशन अर्ध्यावर सोडून जा असं स्पष्ट सांगितलंय. तिथे लेक एकटी होती, तिच्या हाताशी दुसरं कुणी नव्हतं. इथे जावई उभा होता, त्याची बहीण दोन गल्ल्यांवर होती. फरक विश्वासाचा नव्हता, हातांच्या संख्येचा होता.

त्या दहा दिवसांचं मला फार माहीत नाही. आजींनी रात्री धरल्या, आजोबांनी कपडे धुतले. पेटीपाशी बोलावं तसं ते बाळांशी कुजबुजत बोलायचे, यावर लेक हसायची म्हणे. परत आल्यावरच्या बैठकीत आजोबा प्रथमच माझ्या डोळ्यांत बघून बोलले. त्यांना बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातला म्हातारा याकोब सापडला होता. अंधुक नजरेचा याकोब आपल्या लेकाच्या, योसेफाच्या, दोन मुलांना, मनश्शे आणि एफ्राईम यांना, जवळ घेतो आणि म्हणतो, तुझंच तोंड पुन्हा दिसेल असं वाटलं नव्हतं, पण देवाने मला तुझी संततीही दाखवली. हा उतारा मलाही माहीत होता. त्यांनी जे पाहिलं ते मी पाहिलं नव्हतं. "ती दोन पोरं जन्मली ना मॅडम, तेव्हा याकोबाला योसेफ जिवंत आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. दुष्काळ पडायच्या आधी जन्मलेली ती. हा योसेफाकडे पोचला ते दुष्काळात. नातवंडं चांगली चालती-बोलती झाल्यावर भेटला त्यांना. तरी हात ठेवलाच की डोक्यावर."

"तेसुद्धा उलटसुलट," आजी म्हणाल्या. याकोबाने उजवा हात धाकट्याच्या डोक्यावर ठेवला होता, आणि योसेफाला ते रुचलं नव्हतं. यावरून दोघांचा छोटासा वाद झाला. मी ऐकत बसले. वचनं आता एकमेकांना ऐकवली जात होती.

अकराचं टिंब पुढेही येत राहिलं, आधी रोज, मग एक दिवसाआड. शेवटच्या बैठकीला आजी एकट्याच होत्या. बाळं साडेपाच महिन्यांची, म्हणजे सहा आठवडे आधी आल्याचा हिशेब धरला तर चार महिन्यांची. त्या आठवड्यात चार दिवस टिंब आलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्या घाबरल्या. नंतर जावयाने कळवलं, दोघं सलग पाच तास झोपली, आणि लेकही झोपली.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काही नाही. अकरा ते साडेअकरा विणत बसले फोन समोर ठेवून. सवय झालीय ना." मग जरा थांबून म्हणाल्या, "नंतर टपाल लावायला गेले. यांनी सगळं चुकीच्या खणात टाकलंय, पाच महिने झाले."