जुनी पुस्तकं विकत बसण्यात खरंच आनंद असतो का, की सरळ रद्दीत घालावीत?

तुमचा प्रश्न असा आहे: धुळ्यातलं घर रिकामं करायचंय, वडिलांची दोनशेएक पुस्तकं आहेत, रद्दीवाला किलोवर न्यायला तयार आहे; मग ती विकत बसण्यात वेळ का घालवायचा आणि लोकांना जुन्या पुस्तकांच्या घेण्या-विकण्यात एवढा कसला आनंद मिळतो?

मी अमळनेरचा. नोकरी सांभाळून बारा वर्षं जुनी पुस्तकं घेतोय, विकतोय. रद्दीत घालू नका, हे आधीच सांगून टाकतो.

घेण्याचा आनंद तुम्हालाही लगेच कळेल. जळगावला कामाने गेलो की मी रद्दीच्या दुकानात डोकावतो. वजनकाट्याशेजारी सुतळीने बांधलेले गठ्ठे पडलेले असतात, वर बारावीचं गाईड, खाली बारावीचं गाईड, मधे काय आहे ते गठ्ठा सोडल्याशिवाय कळत नाही. जो दुकानदार गठ्ठा सोडू देतो, तो माझ्या लेखी मोठा माणूस. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून छापलेलं पुस्तक असेल तर पान उलटून मागून हात फिरवा, अक्षरं बोटांना लागतात. ऑफसेटच्या, म्हणजे नंतरच्या सपाट छपाईच्या पानाला ते नाही. मग संध्याकाळी सुरत लाइनच्या गाडीत बसायचं. पाळधी येईपर्यंत प्रस्तावना होते, धरणगावला पहिलं प्रकरण, आणि अमळनेरला उतरताना पुस्तकात बोट घालूनच उतरायचं.

एकदा अशाच गठ्ठ्यात बहिणाबाईंच्या कवितांची जुनी प्रत सापडली. तुम्हाला माहीतच असेल, असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलाने आणि त्याच्या मावसभावाने ऐकून उतरवून घेतल्या, आणि त्या १९५१ मध्ये गेल्यावर पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. माझ्या हातातल्या प्रतीत कुणीतरी समासात पेन्सिलीने अर्थ लिहिले होते. ‘येहेर’च्या पुढे ‘विहीर’. ‘वढाय’च्या पुढे आधी नुसतं प्रश्नचिन्ह, मग निळ्या शाईत ‘ओढाळ’, आणि खाली बारीक अक्षरात ‘आईंना विचारलं’. एवढ्यावरून मला एक घर दिसलं: बाहेरून खानदेशात नांदायला आलेली सून, हातात पुस्तक, आणि चुलीपाशी बसलेली सासू. कदाचित तसं नसेलही. पण ती प्रत मी दोन वर्षं विकायला काढली नाही.

मग एका रविवारी कोल्हापूरकडची एक शिक्षिका आली. आमच्या तालुक्यात नवीनच नेमणूक झाली होती तिची. म्हणाली, ‘दादा, वर्गातली पोरं बोलतात त्यातलं निम्मं मला कळत नाही, इकडच्या भाषेचं काही आहे का?’ मी आत जाऊन तीच प्रत आणली. तीस रुपये घेतले. तिने तिथेच उभ्याने समास वाचला, आणि हसायला लागली. काही महिन्यांनी पुन्हा आली तेव्हा प्रत बरोबर होती, आणि त्या जुन्या पेन्सिलीखाली तिच्या अक्षरात आणखी शब्द आले होते. विकण्याचा आनंद विचारलात ना, तो हा. पुस्तक माझ्या कपाटात असतं तर त्या पानावर पुढे काहीच लिहिलं गेलं नसतं.

रोजचा व्यवहार मात्र याहून साधा. जूनमध्ये नववी ते बारावीची पुस्तकं फिरतात. निम्म्या किमतीत घ्यायची, पाऊण किमतीत द्यायची. अभ्यासक्रम बदलला की तोच माल वजनावर जातो, म्हणून साठा करायचा नाही. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत वेगळंच: अभ्यासिकेतली पोरं खुणा केलेली प्रतच आधी मागतात. ‘काय भो, कितीले?’ असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत खुणा कुणाच्या, तो पास झाला का, हे विचारतात! दिवाळी अंक डिसेंबरपासून निम्म्या किमतीत निघतात, आणि १९०९ पासून चालत आलेल्या या प्रकाराला जुना झाला म्हणून कुणी नाकारत नाही. कथा-कादंबऱ्यांना मी एक सवलत ठेवलीय, वाचून चांगल्या स्थितीत परत आणली तर निम्मे पैसे परत. त्यात फारसं सुटत नाही, पण एकेका कादंबरीवर गावातली सात-आठ माणसं बोलायला लागतात.

तुमच्या पुस्तकांबद्दल. एका दिवसात उरकू नका. आधी प्रत्येक पुस्तक उभं धरून झटका, कसर असेल तर खाली पडेल. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात बुरशीचा त्रास कमी, पण डिंक तडकतो आणि पानं सुटतात. अशी पुस्तकं वेगळी ठेवून मैद्याची खळ लावून बांधून घ्या. पृष्ठांक चाळून पाहा, कधी कधी फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला सोळा पानांचा आख्खा जुडगा, दोनदा लागलेला असतो आणि पुढचा गायब. तसं असेल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा. आत मोडीतला एखादा कागद निघाला तर तो रद्दीत तर नाहीच, पण विकूही नका. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तुमच्या धुळ्यातच आहे, तिथे आधी दाखवा. वडिलांनी नाव, तारीख, कुठे घेतलं ते लिहिलं असेल तर खोडू नका. त्याने किंमत कमी होत नाही, आणि झाली तर होऊ द्या. वडिलांचं अक्षर जिथे जास्त आहे अशी पाच-दहा तुम्हीच ठेवा.

उरलेली एखाद्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाला एकगठ्ठा देता येतील, भाव रद्दीपेक्षा बराच मिळेल. पण जमलं तर पहिले दोन रविवार ओट्यावर सतरंजी टाकून स्वतः बसा. कुणी पुस्तक उचललं की वडील ते कधी आणि कुठे बसून वाचायचे तेवढं सांगा. भावाचं नंतर बघू.