पहाटेची हरणं आणि तुमचे कॅमेरे

हरणं दोनशे मीटरवरूनच उधळतात. जवळ कसं जायचं? (गेवराई)

जायचंच नाही. तुम्ही चालत निघालात की हरणांना माळावर उभा माणूस दिसतो, आणि आपल्याकडे उभा माणूस म्हणजे जागलीवरचा शेतकरी, फटाके वाजवणारा. पेरलेलं सोयाबीन उगवलं की कळप कोंब खातो, त्यामुळे त्याचाही राग खोटा नाही.

आदल्या दिवशी दुपारी गायरानात फिरून या. काळवीट नर आपली हद्द राखतो आणि ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. असा वाळलेल्या-ओल्या लेंड्यांचा ढीग सापडला की अर्धं काम झालं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी, वारा तोंडावर येईल अशा बाजूला, बांधाच्या किंवा बाभळीच्या आडोशाला बसा. रान कुणाचं असेल तर मालकाला आधी विचारा. कळप कुठून येतो आणि कुठं पाण्याला जातो, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

ट्रॅक्टर, बैलगाडी ही हरणांच्या नजरेतली असतात. चारचाकी रस्त्यावर थांबवून, इंजिन बंद करून काचेतून फोटो घेतलात तर बऱ्याचदा ती चरत राहतात. दार उघडलं की संपलं.

माझी पहिली पाच-सहा वर्षं नुसत्या पार्श्वभागांच्या फोटोंत गेली, हे जाता जाता सांगतो.

काळ्या नराचा फोटो काढला तर अंग नुसता काळा डाग, किंवा मग पोट पांढरंफेक. काय चुकतं? (लातूर)

चुकत काही नाही, जनावरच तसं आहे. पाठ काळी, पोट पांढरं, मागे पिवळं गवत. स्पॉट मीटरिंग (एकाच ठिपक्यावरून उजेड मोजणं) काळ्या अंगावर धरलं की कॅमेरा ते उजळ करायला बघतो आणि पोट जळतं, म्हणजे तपशील जाऊन नुसतं पांढरं उरतं. पांढरं वाचवा: एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) उणे एक तृतीयांश ते दोन तृतीयांश ठेवा, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) घ्या, काळ्यातला तपशील नंतर घरी उचला. जळालेलं पांढरं मात्र परत येत नाही.

याहून सोपा उपाय उजेडाचा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास वर येतो. पुढचा अर्धा-पाऊण तास ऊन तिरपं आणि मऊ असतं, तेव्हा पाठीवरचे केसही दिसतात. सूर्य पाठीशी ठेवायचा नियम एखाद्या सकाळी मोडून बघा. समोरून ऊन, खुरांची धूळ आणि शिंगांचे पीळ आभाळावर: काळा डागच तेव्हा फोटो होतो.

नऊ वाजले की काळी जमीन तापून हवा थरथरायला लागते. मग लेन्स लाखाची असली तरी चित्र धूसरच. डबा उघडा, भाकरी खा.

७०-३०० मिमीची साधी झूम लेन्स पुरेल का? (उदगीर)

पुरेल. जनावर छोटं आणि माळ मोठा येऊ द्या. उभ्या हरणाला १/५०० सेकंदाचं शटर चालतं, पळत्याला १/२००० लागतं, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० वर न्यायला कचरू नका. ट्रायपॉडऐवजी जुन्या पँटच्या पायात वाळू भरून शिवून घ्या, त्यावर कॅमेरा टेकवा आणि जमिनीवर आडवे व्हा. गोखरूचं बघा.

चिंकारा दिसतच नाही. (पाटोदा)

दिसतो, पण मोठ्या कळपात नसतो. दोन-चार जण, बरड उतारावर. अंगाचा रंग मातीचाच, म्हणून आधी काळपट शेपटीची वळवळ शोधा. मादीलाही शिंगं असतात, बारीक. काळविटाची मादी बिनशिंगी, त्यामुळे घोळ होतो. शिंकल्यासारखा आवाज आला, पाय आपटला, तर तुम्ही त्याला दिसलात. तिथंच गप्प बसा.

तुरीत एकटं पाडस बसलं होतं. फोटो घेऊन घरी आणलं तर? (परभणी)

नाही, नाही आणि नाही. आई पाडसाला मुद्दाम लपवून चरायला जाते. ते अनाथ नसतं. शिवाय काळवीट आणि चिंकारा दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, घरी आणणं हा गुन्हा आहे. जखमी दिसलं तर वनविभागाला कळवा. धडधाकट असेल तर हातही न लावता मागे सरका. फोटोसुद्धा नको, कारण तुम्ही तिथं उभे असेपर्यंत त्याची आई येणार नाही.