कोरियन फिगर स्केटिंगला दुसरी किम युना हवी आहे का?

किम युना निवृत्त होऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. आता तिची जागा घेईल असे कोरियात कोणी आहे का आणि तेथील नव्या खेळाडूंचे भवितव्य काय, असे आपण विचारले आहे. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये युनाने 228.56 गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले, तेव्हापासून मी हा खेळ मनापासून पाहत आले आहे. माझे मत असे की, तिची जागा घेणारी एकच व्यक्ती शोधत राहिलो तर गेल्या काही वर्षांत कोरियात जे घडले आहे ते आपल्या नजरेतून निसटून जाईल.

युनाच्या काळात कोरियाजवळ युना होती आणि तिच्यामागे जवळजवळ कोणी नव्हते. 2013 मध्ये ती विश्वविजेती झाली, म्हणून पुढच्या वर्षीच्या सोची ऑलिंपिकसाठी कोरियाला महिला गटात तीन जागा मिळाल्या आणि आणखी दोन मुलींना तेथे उतरता आले. म्हणजे एका खेळाडूच्या पदकावर अख्खा संघ उभा होता. त्या वर्षांत तिला पाहून ज्या लहान मुली बर्फावर उतरल्या, त्यांना कोरियात ‘युना किड्स’ म्हणतात. यू यंगने 2020 मध्ये लोझानच्या युवा ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवले, तर 2023 मध्ये साइतामा येथील जागतिक स्पर्धेत ली हेइन आणि चा जुनह्वान या दोघांनीही रौप्यपदके जिंकली. पुरुष गटात जागतिक पदक मिळवणारा चा हा पहिलाच कोरियन खेळाडू. त्याच वर्षी सांघिक जागतिक स्पर्धेत कोरिया प्रथमच उतरला आणि दुसरा आला. 2025 मध्ये हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत चा आणि किम छेयॉन यांनी दोन्ही एकेरी सुवर्णपदके जिंकली, आणि तीही जपानच्या अव्वल खेळाडूंना मागे टाकून.

आता तरुणांविषयी. मला सर्वाधिक आशा वाटते ती सो मिनग्यूविषयी. दैगू शहरातला हा मुलगा 2024 मध्ये तैपेई येथे ज्युनिअर विश्वविजेता झाला. कोरियाच्या कोणत्याही मुलाने त्याआधी ते विजेतेपद मिळवले नव्हते. 2025 मध्ये त्याला रौप्य मिळाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नागोयात त्याने ज्युनिअर ग्रां प्री या स्पर्धामालिकेची फायनलही जिंकली. त्याचे स्केटिंग पाहताना उड्यांच्या आधी त्याच्या गुडघ्यांकडे लक्ष जाते. गुडघा खोल वाकवून तो ब्लेडच्या एका धारेवर सगळा भार टाकतो आणि पाय फारसे न मारताही त्याचा वेग वाढत जातो. हे कौशल्य लहानपणी बर्फावर घालवलेल्या तासांतूनच येते; पुढे ते सहसा कमावता येत नाही. त्याच्यापुढचे खरे काम आहे चार फेऱ्यांच्या उड्या भरवशाच्या करण्याचे, कारण वरिष्ठ पुरुष गटात त्यांच्यावाचून आज कोणाचे भागत नाही. 2030 च्या ऑलिंपिकच्या वेळी तो 21 वर्षांचा असेल, आणि पुरुष स्केटरसाठी ते वय उत्तम मानले जाते.

मुलींमध्ये शिन जिआचे नाव आधी घ्यावे लागते. 2022 पासून सलग चार वर्षे तिने ज्युनिअर जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, त्यांपैकी पहिल्या वर्षी तर सुवर्ण एका गुणाहूनही कमी अंतराने हुकले. पुढची तिन्ही वर्षे तिच्या वर होती ती जपानची माओ शिमादा, जिच्याकडे ट्रिपल अॅक्सेल (साडेतीन फेऱ्यांची उडी) आणि चार फेऱ्यांची उडीही आहे. शिनची भिस्त निराळ्या गोष्टीवर आहे: स्वच्छ उड्या, सुंदर गिरक्या, आणि संगीताचा प्रत्येक ठेका अंगात उतरवण्याची हातोटी. त्या चार रौप्यपदकांना अपयश म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दरवर्षी बदलत्या शरीरासह त्याच पायरीवर उभे राहणे फार कठीण असते. ज्यांना कोरियन मुलींकडून अवघड उड्यांची अपेक्षा आहे, त्यांनी किम युजे आणि किम युसॉन्ग या जुळ्या बहिणी पाहाव्यात. दोघींनीही ट्रिपल अॅक्सेल स्पर्धेत उतरवले आहे.

येथे एक नियम लक्षात घ्यायला हवा. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने 2022 मध्ये वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने 15 वरून 17 वर नेली. सो मिनग्यू ऑक्टोबर 2008 चा, म्हणून 2026 च्या मिलान ऑलिंपिकसाठी तो पात्रच नव्हता. मार्च 2008 मध्ये जन्मलेली शिन मात्र पात्र होती. काही महिन्यांच्या फरकाने चार वर्षांचे गणित बदलते ते असे. तरीही हा नियम कोरियाच्या पथ्यावर पडेल असे मला वाटते. पंधराव्या वर्षी अवघड उड्या मारून पदक घ्यायचे आणि सतराव्या वर्षी दिसेनासे व्हायचे, ही वाट त्याने अरुंद केली. धारा आणि गिरक्या पक्क्या करणाऱ्या पद्धतीला त्यामुळे वेळ मिळतो.

काळजीच्या जागाही आहेत. सरावासाठी बर्फ कमी पडतो, ही तेथील जुनीच तक्रार आहे. सार्वजनिक रिंकवरील गर्दी ओसरल्यावर रात्री उशिरा किंवा पहाटे सराव करण्याची वेळ युनावरही आली होती. खर्चाचा मोठा वाटा पालकांच्या खिशातून जातो. किम छेयॉनचे स्पर्धेतले पोशाख तर तिची आईच तयार करते. मुलांच्या वाटेत सक्तीची लष्करी सेवा असते. ऑलिंपिक पदक किंवा आशियाई सुवर्ण मिळाले तरच तिच्यातून सूट मिळते, त्यामुळे हार्बिनमधील सुवर्णाने चाच्या कारकिर्दीची वर्षेही वाचवली. जोडी स्केटिंग जवळजवळ ओस पडले आहे. आइस डान्समध्ये, म्हणजे जोडीने केल्या जाणाऱ्या नृत्यप्रधान स्केटिंगमध्ये, हॅना लिम आणि ये क्वान यांनी 2023 मध्ये ज्युनिअर जागतिक रौप्य मिळवले खरे, पण हे दोघे तयार झाले कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये. कोरियात तशी प्रशिक्षणाची सोय उभी राहिलेली नाही, आणि सांघिक स्पर्धेत जोडी व आइस डान्सचेही गुण धरले जात असल्याने ऑलिंपिकच्या सांघिक पदकाचे स्वप्न नेमके तेथेच अडते.

आपल्याला स्वतः पाहून ठरवायचे असेल तर ज्युनिअर ग्रां प्रीपासून सुरुवात करावी. ऑगस्टपासून हंगाम सुरू होतो आणि या स्पर्धा यूट्यूबवर विनामूल्य दाखवल्या जातात. कोरियन मुलगी लुट्झ उडीसाठी (ही उडी ब्लेडच्या बाहेरच्या धारेवरून घ्यायची असते) पाठमोरी येऊ लागली की तिचा डावा पाय पाहा: बहुतेकींचे ब्लेड अगदी शेवटच्या क्षणापर्यंत बाहेरच्या धारेवर कललेले राहते. याच जागी अनेक देशांच्या खेळाडूंचे पाऊल आत झुकते आणि गुण जातात. किम युनाची लुट्झ अशीच होती.