सरंजामशाही की सामंतशाही?

आठव्या ते अकराव्या शतकांतील युरोपविषयीचा मजकूर मराठीत आणताना ‘फ्यूडॅलिझम’साठी सरंजामशाही लिहावे की सामंतशाही, आणि ‘फीफ’ (सेवेच्या बदल्यात दिलेली जमीन) व ‘व्हॅसल’ (धन्याची सेवा पत्करलेला माणूस) यांना काय म्हणावे, असे एका वाचकाने विचारले आहे. दोन्ही शब्द रुळलेले आहेत आणि दोन्ही चालतात, एवढ्यावर उत्तर आटोपता आले असते. परंतु ते एकाच गोष्टीकडे बोट दाखवीत नाहीत. सरंजाम ही मिळणारी वस्तू आहे, तर सामंत हा माणूस आहे.

आधी सरंजाम घेऊ. मूळ फारसीत या शब्दाचा अर्थ शेवट, परिणाम, काम तडीस जाणे असा आहे. मराठीत तो तयारीच्या साहित्यावर येऊन ठेपला, म्हणून आपण आजही ‘पूजेचा सरंजाम’ किंवा ‘लग्नाचा सरंजाम’ म्हणतो. मराठेशाहीत फौज बाळगण्याच्या खर्चासाठी सरदाराला लावून दिलेला मुलूख याच नावाने ओळखला जाऊ लागला. म्हणजे शब्द साहित्यावरून जमिनीवर सरकला. गंमत अशी, की ‘फीफ’ ज्यातून आला त्या लॅटिन ‘फेउडुम’चा प्रवासही बहुधा असाच झाला. त्याच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत, पण बरेच अभ्यासक तो जर्मानिक ‘फेहु’शी जोडतात. ‘फेहु’ म्हणजे गुरेढोरे, जंगम धन. आपल्या ‘पशु’चा हा सख्खा भाऊबंद. पदरच्या लढवय्याला आधी घोडा, शस्त्रे, कपडे असे काही द्यायचे आणि पुढे त्याचा निर्वाह चालेल एवढी जमीन द्यायची, असा व्यवहार पालटला तसा शब्दही पालटला. म्हणून ‘फीफ’साठी सरंजाम हा शब्द मला नेमका वाटतो.

तेथे ‘वतन’ मात्र वापरू नये. वतन मुळातच वंशपरंपरेचे. सरंजाम निदान कागदोपत्री धन्याच्या मर्जीवरचा, धारक वारला की नव्या सनदेची गरज असलेला. फ्रँकांच्या, म्हणजे तेव्हा पश्चिम युरोपावर राज्य करणाऱ्या जर्मानिक लोकांच्या, राज्यातील जमिनीही सुरुवातीला हयातीपुरत्याच असत. 877 साली इटलीच्या स्वारीवर निघताना फ्रँकांचा राजा चार्ल्स द बाल्ड याने किएर्झी येथे अशी हमी दिली, की स्वारीच्या काळात एखादा काउंट (प्रांताचा अधिकारी) मेला तर त्याच्या मुलाचा हक्क डावलला जाणार नाही. हा काही सर्वकाळचा वारसाकायदा नव्हता, पण वारे कोणत्या दिशेला वाहत होते ते त्यावरून कळते. पेशवाईतील सरंजामही व्यवहारात घराण्यांतच राहिले, हे साम्य येथे सहज आठवते.

आता माणसाकडे वळू. ‘व्हॅसल’ ज्या केल्टिक शब्दापासून आला त्याचा अर्थ पोरगा, चाकर. वेल्श भाषेत ‘ग्वास’ हा शब्द त्या अर्थाने आजही आहे. हा चाकर चढत चढत थेट ड्यूकपदापर्यंत पोहोचला. ‘सामंत’ उलट्या वाटेने आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सामंत म्हणजे सीमेला लागून असलेला शेजारी राजा, कोणाचाही ताबेदार नसलेला. सहाव्या शतकाच्या सुमारास शिलालेखांत तो अंकित सरदार झालेला दिसतो. (आपल्याकडचे ‘सावंत’ हे त्याचेच रूप.) दोन शब्द विरुद्ध टोकांकडून निघून एकाच पायरीवर भेटले.

या पायरीवर चढण्याचा विधी ठरलेला होता. माणूस गुडघे टेकून आपले जोडलेले हात धन्याच्या दोन्ही हातांत देई आणि ‘मी तुमचा माणूस झालो’ असे सांगे. त्या विधीचे नाव ‘होमाज’ हे ‘होमो’ म्हणजे माणूस यावरून पडले आहे. ‘तो साहेबांचा माणूस आहे’ असे म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. बव्हेरियाचा ड्यूक तासिलो याने 757 साली काँपिएन्य येथे फ्रँकांचा राजा पेपिन याच्या हातांत असे हात देऊन निष्ठेची शपथ घेतली, अशी नोंद फ्रँकांच्या राजवृत्तांत आहे. 788 मध्ये पेपिनचा मुलगा शार्लमेन याने ती शपथ मोडल्याचा ठपका ठेवून तासिलोचे राज्य काढून घेतले आणि त्याला मठात धाडले. नोंद करणारे शार्लमेनच्याच बाजूचे होते, हे विसरू नये.

शब्द चुकला की काय होते, याचे उत्तम उदाहरण थोडे नंतरचे आहे. अशा जमिनीला जुने नाव ‘बेनेफिकियुम’, म्हणजे शब्दशः उपकार. 1157 साली बेझाँसों येथे पोप चौथा एड्रियन याचे पत्र सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या दरबारात वाचले गेले. पोपने सम्राटाला राजमुकुट दिला होता, आणि याहून मोठी ‘बेनेफिकिया’ देण्यासही आनंद वाटला असता, असे त्यात होते. चान्सेलर राइनाल्ड फॉन डासेल याने जर्मनमध्ये सांगताना त्याचा अर्थ सरंजाम असा केला, म्हणजे साम्राज्य हा पोपचा सरंजाम आणि सम्राट त्याचा माणूस! दरबारात तलवार उपसली जाण्यापर्यंत वेळ आली. दुसऱ्या वर्षी पोपला खुलासा करावा लागला, की आपल्याला ‘चांगले कृत्य’ एवढेच म्हणायचे होते. भाषांतरकाराने हे जाणूनबुजून केले, असे माझे मत आहे.

तेव्हा संपूर्ण व्यवस्थेला सरंजामशाही, जमिनीला सरंजाम, मोठ्या व्हॅसलला सामंत असे लिहावे. ‘मांडलिक’ हा खंडणी देणाऱ्या राजाला शोभतो. एका गावावर गुजराण करणाऱ्या घोडेस्वाराला तो फार मोठा होतो, तेथे ‘अंकित स्वार’ बरा. भूदासाला व्हॅसल म्हणणे ही तर सरळ चूकच आहे, कारण तो शेतावर राबणारा होता आणि हातात हात देण्याच्या या विधीत त्याला जागा नव्हती. आणि खुद्द ‘फ्यूडॅलिझम’ हे नाव त्या काळातील कोणी वापरलेले नाही. ते कित्येक शतकांनंतरचे आहे. म्हणून तासिलोच्या तोंडी ‘सरंजामशाही’ हा शब्द घालू नये.