स्टुडंट फिल्मच्या ओपनिंगसाठी साउंड आणि म्युझिक कसं प्लॅन करायचं?

तुमची दहा मिनिटांची फिल्म आहे, ओपनिंगला संवाद नाहीत, आणि एडिट झाल्यावर तिथे कुठलं म्युझिक टाकावं असं तुम्ही विचारलंय. एडिट होईपर्यंत थांबूच नका. ओपनिंगला काय ऐकू येणार हे पटकथेतच लिहा, प्रत्येक शॉटसमोर. म्युझिक हवं की नको, हे ते लिहिल्यावर कळतं.

आमच्या डिप्लोमा फिल्मला मी साउंड करत होते. एक मुलगी बरीच वर्षं बंद असलेलं घर उघडायला येते, अशी सुरुवात होती. कुलूप, दार, अंधारी खोली, मग खिडकी. वाचनाच्या वेळीच मी दिग्दर्शकाला म्हटलं की पहिले काही सेकंद पडदा काळा ठेव, नुसती किल्ली ऐकू दे, आणि तीही घराच्या आतून. मुलगी अजून बाहेर आहे, आपण मात्र आधीच आत आहोत. तो म्हणाला, "पोस्टमध्ये बघू." म्हणजे शूट संपल्यावर, एडिट आणि मिक्सच्या वेळी. 'पोस्टमध्ये बघू' हे वाक्य मी पुढे कितीतरी सेटवर ऐकलं, आणि दर वेळी त्याचा अर्थ 'बघणार नाही' असाच निघाला.

शूटच्या दिवशी लायटिंगला हवा तेवढा वेळ होता. मी रूम टोनसाठी, म्हणजे कुणी बोलत-हलत नसताना त्या खोलीचा जो आवाज असतो तो रेकॉर्ड करायला, एक मिनिट शांतता मागितली तर लोक केबल गुंडाळायला लागले. मी हटले नाही, ते मिनिट घेतलंच. लेन्स बदलत होते तेवढ्यात कुलपाचे वाइल्ड ट्रॅक घेतले, म्हणजे कॅमेरा बंद असताना नुसते आवाज रेकॉर्ड केले. किल्ली आत सरकताना, अडकताना, फिरताना, मग कडी. आधी माइक कुलपापासून चार बोटांवर धरला. मग मी आत गेले, दार लावून घेतलं आणि मैत्रिणीला बाहेरून तेच सगळं करायला सांगितलं. आतून तो आवाज वेगळाच येतो. धातूची किणकिण लाकडात अडते, खालचा ठोका तेवढा राहतो, आणि त्यामागे रिकाम्या खोलीत घुमणारा नाद असतो. असा आवाज कुठल्याही साउंड लायब्ररीत तयार मिळत नाही.

एडिटला दिग्दर्शकाने एका गाजलेल्या सिनेमाचा स्कोअर, म्हणजे पार्श्वसंगीत, टेम्प ट्रॅक म्हणून, म्हणजे खरं संगीत येईपर्यंत तात्पुरता, लावला. प्रत्येक कट त्याच्या ठेक्यावर. रोज तेच ऐकून तो त्या व्हायोलिनच्या प्रेमात पडला. फेस्टिव्हलला पाठवायची वेळ आली तेव्हा हक्कांचा विषय निघाला. तयार रेकॉर्डिंग वापरायचं तर दोन परवानग्या लागतात, एक रचनेची आणि एक त्या रेकॉर्डिंगची. आमच्याकडे एकही नव्हती. मग संगीत करणाऱ्या वर्गमित्राला सांगितलं गेलं, "असंच दे, पण थोडं वेगळं." कुठल्याही संगीतकाराला असं सांगू नये. तो बिचारा नक्कल करत बसला आणि दिग्दर्शकाला प्रत्येक नक्कल फिकी वाटली.

शेवटी मी माझा ट्रॅक लावून दाखवला. काळा पडदा, आतून किल्ली, कडी, बिजागरी, मग नुसता रूम टोन. मुलगी खिडकी उघडते तिथे चेलोचा एकच लांब स्वर, त्याच मित्राने वाजवलेला. तोच फायनल झाला. स्क्रीनिंगनंतर कुणीतरी ओपनिंगचं कौतुक केलं, तेव्हा दिग्दर्शक माइकवर म्हणाला, "हे मला एडिटवर सुचलं." मी तिसऱ्या रांगेत बसले होते.

सर्जिओ लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) या सिनेमाचं ओपनिंग कान देऊन बघा. स्टेशनवर माणसं वाट बघतायत. पवनचक्की करकरते, टोपीवर पाण्याचे थेंब पडतात, एक माशी छळते. एन्नियो मोरिकोनेने त्या सिनेमाचं बरंचसं संगीत शूटिंगच्या आधीच तयार केलं होतं. म्हणजे संगीत हाताशी होतं, तरी सुरुवात आवाजांवर सोडली. "म्युझिक नसेल तर प्रेक्षक उठून जातील" म्हणणाऱ्यांना मी हेच दाखवते.

आता तुमच्या कामाचं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर रेकॉर्ड करा. संवादाचे पीक, म्हणजे सगळ्यात मोठे आवाज, उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, कारण फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. लोकेशनवरच्या फ्रिजची घरघर रेकॉर्ड होऊ नये म्हणून तो बंद कराल तेव्हा घरी जायची किल्ली त्याच्यात ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू करायचं विसरणार नाही. प्रत्येक लोकेशनचा रूम टोन किमान तीस सेकंद घ्या. कॅमेऱ्यावरचा माइक फक्त सिंकसाठी, म्हणजे आवाज चित्राशी जुळवायला. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे ठरलेल्या अटींवर वापरायला खुलं ठेवलेलं, संगीत घेताना लायसन्स पूर्ण वाचा. 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' (त्यावरून नवी कृती करायला मनाई) असेल तर ते चित्राला जोडता येत नाही, फुकट असलं तरी. सुरुवातीला खर्जातला ड्रोन (सलग चालणारा लांब स्वर) लावायचा मोह सगळ्यांना होतो, पण फोनच्या स्पीकरवर तो जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यात थोडा वरच्या पट्टीतला पोत मिसळा आणि मिक्स फोनवरही तपासा.

टेम्प ट्रॅक लावूच नका, हे माझं ठाम मत. लावायचाच असेल तर संगीतकार तुमची पहिली कच्ची चाल देईल त्या दिवशी तो काढून टाका.

तुमचं ओपनिंग नाचाचं, गाण्याचं किंवा वेगवान मोंताजचं (झपाट्याने बदलणाऱ्या छोट्या शॉट्सचं) असेल तर मात्र माझं वरचं बरंचसं उलटं लागू होतं. मग म्युझिक आधी पक्कं करा, परवानगी लेखी घ्या, सेटवर तेच वाजवा आणि त्यावरच कट करा. आणि युनिट दोन-तीन जणांचंच असेल तर एवढा सगळा जामानिमा जमणार नाही. तेव्हा रूम टोन आणि दोन-तीन महत्त्वाचे वाइल्ड ट्रॅक, एवढं तरी सोडू नका.

साउंड करणाऱ्याला पहिल्या वाचनाला बोलवा. रेकीला, म्हणजे शूटआधी लोकेशन बघायला जाल तेव्हाही न्या, दुपारी शांत वाटणाऱ्या घराशेजारी संध्याकाळी काय वाजतं ते तोच ऐकेल. क्रेडिटमध्ये त्याचं नाव कॅमेरामनइतकंच मोठं, स्वतंत्र कार्डवर द्या. आणि स्क्रीनिंगनंतर कुणी ओपनिंगबद्दल विचारलं तर माइक त्याच्या हातात द्या.