ख्रिस्ती विश्वासात दुःखाला खरंच काही अर्थ असतो का? अशा वेळी टिकून कसं राहायचं?

तुम्ही लिहिलंय की अर्धांगवायूनंतर आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली आहे, भावाने हात वर केलेत, आणि चर्चच्या मंडळीतले लोक भेटले की "देव परीक्षा पाहतोय, यात त्याची योजना आहे" एवढंच म्हणून निघून जातात. ते तुम्हाला ऐकवत नाही, आणि ऐकवत नाही म्हणजे आपला विश्वास कमी पडतोय का, असं विचारलंय. ताई, अजिबात नाही.

बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढा. जन्मापासून आंधळा असलेला माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू सांगतो, दोघांचंही नाही. देवाची कार्यं याच्या ठायी दिसावीत. आणि एवढं बोलून तो खाली वाकून चिखल कालवतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. माझ्या नवऱ्याचं डायलिसिस चालू होतं तेव्हा हा अध्याय मी किती वेळा वाचला असेन! हे कोणामुळे झालं, या प्रश्नापाशी येशू थांबत नाही. आता या माणसासाठी काय करायचं, तिकडे तो वळतो. दुःखाचा अर्थ मला तेव्हापासून त्याच दिशेला सापडत आलाय.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण देते, कारण माझ्या मनात ते सगळ्यात खोल रुजलंय. रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक, सगळं कुटुंब तीर्थक्षेत्री पुराण सांगत पायी हिंडायचं. दुष्काळात आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसं पुरेनात. रमाबाई उंचीने लहान, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. पुढे झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा त्या आणि भाऊ श्रीनिवास वाळूत खड्डे करून मानेपर्यंत वाळू ओढून झोपले. 1880 साली भाऊही गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि 1882 मध्ये पती पटकीने गेले. पदरात मनोरमा, वर्षाचीही नव्हती.

बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, त्यानंतर, 1883 मध्ये, इंग्लंडमध्ये. म्हणजे यातलं बरंचसं दुःख ख्रिस्ताला ओळखण्याआधीचं. आणि ओळखल्यावर सगळं सुरळीत झालं असंही नाही. शारदा सदन या त्यांच्या मुलींच्या आणि विधवांच्या शाळेवर पुण्यात वादळ उठलं, 1893 मध्ये पालकांनी मुली काढून नेल्या. मग 1896-97 चा दुष्काळ आला, आणि मध्य प्रांतात उपाशी, निराधार मुली रस्त्यावर आल्याच्या बातम्या ऐकून रमाबाई तिकडे गेल्या. त्या मुलींमध्ये त्यांना स्वतःचे ते दिवस दिसले. शेकडो मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, म्हणून केडगावच्या माळरानावर त्यांची सोय केली. मुक्ती मिशन हा त्यांचा आश्रम उभा राहिला तो असा.

आपली आई, बाप, बहीण अन्नावाचून का मेली, याचं उत्तर रमाबाईंना कधी मिळालं असेल असं मला वाटत नाही. वीस वर्षांनंतरच्या मुलींना वाचवता यावं म्हणून देवाने त्यांना मारलं, असं म्हणणं तर मला देवाची निंदा वाटते. पण भूक काय करते हे ज्या बाईला ठाऊक होतं, तिला देवाने भुकेल्या मुलींकडे पाठवलं. दुःख वाया जाऊ दिलं नाही. माझा विश्वास एवढा आहे, आणि तो पुरतो.

1921 मध्ये मनोरमाही गेली. रमाबाईंची तब्येत ढासळलेली, ऐकू येत नव्हतं. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेलं मराठी बायबलचं काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्यांना देवाज्ञा झाली. त्या शेवटच्या महिन्यांत मन रोज उभारी धरत असेल का? मला नाही वाटत. पण काम समोर होतं आणि ते ज्याच्यासाठी करायचं तो सोबत होता. प्रेषित पौल रोमकरांना पत्रात लिहितो की संकटाने धीर येतो, धीराने शील, शिलाने आशा. यात धीर संकटाच्या आधी नाही, नंतर आहे. तुमच्याकडे आज धीर नसेल तर घाबरू नका, तो आधीपासून असावा अशी अटच नाही. पौलाने स्वतःच्या शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारी पीडा, जावी म्हणून देवाला तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं उत्तर मिळालं.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. सोसणं आणि अन्याय सोसणं यात फरक आहे. रमाबाईंनी विधवांना "सहन करा, हाच तुमचा क्रूस" असं सांगितलं नाही, त्यांना घराबाहेर काढून शिकवलं. आईची सेवा हे तुम्ही उचललेलं ओझं आहे, पण भावाने जबाबदारी झटकणं ही देवाची योजना नाही. औषधांचा खर्च त्याच्याकडे मागा, चारचौघांत मागा. रात्ररात्र झोप नसेल, जीव नकोसा होत असेल, तर डॉक्टरांना गाठा. त्याने प्रार्थना कमी होत नाही.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर बायबलातलं स्तोत्र 13 मोठ्याने वाचा, "हे परमेश्वरा, किती वेळ?" असा सवाल तिथे उघड आहे. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, आणि तरी ते शास्त्रात आहे. तुमची तक्रारसुद्धा देव प्रार्थना म्हणून ऐकतो.

आणि या रविवारी पाळकसाहेबांना स्पष्ट सांगा की मला उपदेश नको, माणूस हवा. आठवड्यातून दोनदा कोणीतरी दोन-तीन तास आईजवळ बसावं, म्हणजे तुम्हाला झोपता येईल. एकमेकांची ओझी वाहा, हे पौलाने गलतीकरांना लिहिलेलं वचन मंडळीसाठीच आहे. आमच्याकडे महिला मंडळातल्या चार जणींनी वार वाटून घेतले होते. त्यातली एक तर नुसती भाजी निवडत बसायची, पण तेवढ्यात मी झोपून उठायचे.